माइकचा हात आणि टेबलाची कड

२०२० च्या जूनमध्ये शाळांना कुलपं होती आणि अभ्यास मोबाइलवर आला होता. ज्या घरात मोबाइलच नव्हता, किंवा एकुलता एक मोबाइल बापाबरोबर कामावर जात होता, तिथल्या पोरांनी काय करायचं? नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’ या सामुदायिक रेडिओ केंद्रानं ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा कार्यक्रम काढून आपल्यापुरतं उत्तर दिलं. तिसरी ते दहावीचे धडे, सुमारे १५० शिक्षक, त्यांनी स्टुडिओत येऊन केलेलं रेकॉर्डिंग, आणि ते ऐकणारी जिल्हा परिषदेच्या नि महापालिकेच्या शाळांतली पन्नास-साठ हजार मुलं. पुढे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत या केंद्राला दोन पारितोषिकं मिळाली, त्यांतलं एक या कार्यक्रमाचं.

स्टुडिओत एक सोय असते आणि ती तिथून बाहेर पडल्यावरच कळते. खुर्चीत बसलं की माइक तोंडासमोर असतो. तो तिथे कसा आला, कशावर उभा आहे, बोलताना हात टेबलावर आपटला तर काय होईल, याची काळजी दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. घरी रेकॉर्डिंग सुरू केलं की ही काळजी आपल्या गळ्यात पडते.

आणि नाशिकमध्ये आता घरी रेकॉर्डिंग करणारे कमी नाहीत. कॉलेज रोडला एमपीएससीचे तास घेणारे सर आहेत, पंचवटीत प्रवचनं रेकॉर्ड करणारे आहेत, नाटकातून आलेल्या आणि आता गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून ऑडिओबुकं वाचणाऱ्या ताई आहेत. ‘स्टोरीटेल’ २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे. पुस्तक वाचून पैसे मिळू शकतात हे त्यामुळे बऱ्याच जणांच्या ध्यानात आलं. पिंपळगाव-निफाडच्या पट्ट्यात द्राक्षबागांचा सल्ला देणारे तर ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की रोज रात्री काहीतरी रेकॉर्ड करून बागायतदारांना पाठवतात: आज डाऊनी रोगासाठी काय फवारायचं, पानावर दव किती वेळ राहिलं तर काय करायचं. या सगळ्यांशी बोलताना एक गोष्ट दिसली. माइक कुठला घ्यावा यावर प्रत्येकानं महिनोन्‌महिने खल केलेला असतो. तो माइक ज्या हातावर टांगायचा, तो बूम आर्म मात्र माइकबरोबर फुकट आलेला तरी असतो, नाहीतर सगळ्यात स्वस्त बघून मागवलेला.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: आर्मची निवड आर्मपासून सुरू करायची नसते. त्याच्या एका टोकाला टेबल असतं आणि दुसऱ्या टोकाला माइक. ही दोन टोकं आधी मोजा. मधला हात मग आपोआप ठरतो.

पण आधी हा हात हवाच कशाला? माइकबरोबर छोटी तिपाई येते, ती टेबलावर ठेवली की झालं, असं कुणालाही वाटेल. होत नाही, कारण तिपाईवरचा माइक तोंडापासून हातभर लांब आणि टेबलाच्या अगदी जवळ राहतो. तोंडापासून माइकचं अंतर १५ सेंटीमीटरवरून ३० सेंटीमीटर केलं की तुमचा आवाज माइकपाशी पोचतो तो ६ डेसिबलनं कमी होऊन. पंख्याचा, रस्त्याचा, शेजारच्या मिक्सरचा आवाज मात्र तेवढाच राहतो. मग आपण आवाजाची कळ वाढवतो आणि तिच्याबरोबर पंखाही वाढतो. शिवाय टेबलाच्या गुळगुळीत सनमायकावरून आपलाच आवाज क्षणभर उशिरा परत माइकमध्ये शिरतो आणि बोलणं डब्यात बसून केल्यासारखं येतं. ऑडिओबुकच्या धंद्यात शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात. द्वारका सर्कलसारख्या वर्दळीच्या चौकाजवळ राहणाऱ्यानं ती गाठायची तर माइक तोंडाजवळ आणण्याला पर्याय नाही. सगळ्या महागड्या उपायांच्या आधी करायचा हा स्वस्तातला उपाय, आणि तो करायला हात लागतो.

आता टेबलाकडे येतो, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष सल्लागारांच्या घरी गेलो तेव्हा त्यांचा माइक टेबलावर आडवा झोपवून ठेवला होता. आर्म कपाटावर होता. “तो काय धरत नाय भाऊ,” ते म्हणाले, “मान टाकतो.” आर्म काढून बघितला तर त्याला काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते टेबलाला. भुसा बोर्डाचं संगणक टेबल, कीबोर्डची सरकती फळी असलेलं, वीस वर्षांपूर्वी घरोघरी आलेलं. त्याच्या कडेला जिथे क्लॅम्प आवळला होता, तिथे खालच्या बाजूनं स्क्रूची चकती बोर्डात रुतली होती आणि वरची सनमायका बोटाच्या पेरभर उचलली गेली होती. नखानं खरवडलं तर आतून लाकडाचा चुरा गळत होता. क्लॅम्प आवळत जावं तसा तो आणखी आत रुतायचा आणि आर्म तिरपा व्हायचा.

यामागचा हिशेब तोंडी करता येतो. माइक, त्याचं कोळ्याच्या जाळ्यासारखं शॉक माउंट, पॉप फिल्टर आणि वायरीचं टोक मिळून एक किलो धरा. आर्म पुढे ताणला की हे एक किलो टेबलाच्या कडेपासून सुमारे ८० सेंटीमीटरवर लोंबकळतं. क्लॅम्पचा जबडा टेबलाला धरतो ती पट्टी जेमतेम ५ सेंटीमीटरची. ऐंशीला पाचानं भागा: सोळा. एक किलोचा माइक टेबलाच्या कडेला सोळा किलोच्या जोरानं उचकटत असतो, आणि यात आर्मचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. पुन्हा हा जोर एका जागी स्थिर नाही. माइक जवळ ओढला की कमी होतो, ढकलला की वाढतो, उजवीकडे फिरवला की दुसऱ्या कोपऱ्यावर जातो. प्लायवूड हे सोसतं, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. भुसा बोर्ड म्हणजे चिकटवलेला चुरा. त्याला सरळ दाब चालतो, उचकटणं चालत नाही.

सल्लागारांना मी गावातल्या सुताराकडे पाठवलं. सुतारानं १२ एमएम प्लायचे वीतभर लांबीचे दोन तुकडे कापले, एक टेबलाच्या वर आणि एक खाली ठेवला आणि त्यांच्यावर क्लॅम्प बसवला. जोर तेवढाच, पण आता तो वीतभर जागेत वाटला जातो. आर्म तोच, कपाटावरून उतरलेला.

घरातली टेबलं बघत फिरलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघते. जुन्या वाड्यातलं सागवानी टेबल मजबुतीला बिनतोड, पण त्याच्या वरच्या फळीखाली चारही बाजूंनी उभी पट्टी असते आणि फळी पट्टीच्या बाहेर फार तर दोन बोटं येते. बहुतेक क्लॅम्पचा जबडा त्याहून खोल असतो. तो बसतच नाही, किंवा निम्मा बसतो आणि निम्मा बसलेला क्लॅम्प न बसलेल्यापेक्षा वाईट. ड्रॉवर असेल तर स्क्रूची मूठ ड्रॉवरला अडते. कचेरीतून लिलावात आणलेलं लोखंडी टेबल वजनदार असतं, पण त्याचा वरचा पत्रा आतून पोकळ. आवळला की खळगा पडतो आणि बोटानं टकटक केलं तर ढोलासारखा वाजतो. काचेच्या टेबलाबद्दल चर्चाच नको. दुकानदार रबराची चकती दाखवून “चालतं सर” म्हणाला तरी नको. नव्या फ्लॅटमधलं फर्निचर बरंचसं १८-१९ एमएम प्लायचं असतं आणि ते उत्तम, फक्त कडेची बीडिंगची पट्टी नुसती फेविकॉलनं चिकटवलेली असते, तेव्हा जबडा पट्टीच्या पुढे, खऱ्या प्लायपर्यंत पोचला पाहिजे. आणि टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर मागच्या कडेला क्लॅम्प लावायला दोन इंच जागा सोडावी लागते, शिवाय आर्मचं कोपर मागे जातं तेव्हा ते भिंतीवर आपटतं. पडद्याची दांडी, खिडकीची जाळी, बाळाचा फोटो, जे काय तिथे असेल त्यावर आपटतं.

मग भिंतीलाच आर्म ठोकावा का? वाड्यांच्या जाड भिंतींत जुनं लाकूड सापडलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. पण नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती चार इंची विटांच्या किंवा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा गट्टू मारून आर्म बसवला तर वारंवार फिरवण्यानं सहा महिन्यांत भोक मोठं होतं. कपाट टांगणं वेगळं, ते एकदा टांगलं की हलत नाही. हा हात रोज हलतो.

दुसऱ्या टोकाला माइक. इथे लोक हमखास एक गोष्ट उलटी समजतात. आर्म किती वजन पेलतो एवढंच विचारतात. किमान किती वजन लागतं हे विचारत नाहीत. स्प्रिंगचा आर्म हा तराजू आहे. एका बाजूला स्प्रिंगचा ताण, दुसऱ्या बाजूला माइक. माइक फार हलका असला तर स्प्रिंग जिंकते आणि माइक आपोआप छताकडे निघतो. रोड या ऑस्ट्रेलियन कंपनीचा पीएसए-१ हा या जातीतला गाजलेला आर्म. त्याची पहिली आवृत्ती ७०० ग्रॅम ते १.१ किलो वजनासाठी होती. आता आपल्याकडे घरात सापडणारे माइक बघा. शुअरचा एसएम-५८, जो प्रत्येक ऑर्केस्ट्राच्या पेटीत असतो, तो २९८ ग्रॅमचा. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-२०२० हा ३४५ ग्रॅमचा. हे दोन्ही त्या महागड्या आर्मवर टिकत नाहीत, वर उडतात. उलट शुअरचा एसएम-७बी ७६५ ग्रॅमचा आणि रोडचा पॉडमाइक ९३७ ग्रॅमचा. हे हजार रुपयांच्या आतल्या पातळ नळीच्या आर्मवर टांगले की रेकॉर्डिंग सुरू असताना माइक हळूहळू हनुवटीखाली, मग छातीपाशी येतो. ऐकणाऱ्याला वाटतं बोलणारा झोपी चाललाय.

इंदिरानगरमधल्या एका पॉडकास्टवाल्या मुलानं हलक्या माइकचा प्रश्न सोडवलेला पाहिला. त्यानं माइकच्या पाठीमागे, आर्मच्या टोकाशी, ट्रॅक्टरचे दोन जाडजूड नट केबल टायनं बांधले होते. दिसायला भयंकर, काम चोख. मात्र नट एकमेकांवर वाजू नयेत म्हणून त्यांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, यावरून पोरगा कामाचा आहे हे कळलं. हल्लीच्या काही आर्मना ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. तो असला तर नट बांधायची वेळ येत नाही. खरेदीच्या वेळी हा स्क्रू शोधा, तो खोक्यावरच्या फोटोत दिसत नाही.

एसएम-७बीबद्दल दोन शब्द बोललंच पाहिजे, कारण आर्म घ्यायला येणाऱ्या दहातल्या निम्म्यांच्या मनात तो असतो. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’साठी त्याच्याच घराण्यातला मूळचा एसएम-७ वापरला होता, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ असते. माइक चांगलाच आहे. पण त्याचा आवाज उचलायला जबर ताकदीचा प्रीअँप लागतो, जड आर्म लागतो, आर्मला भक्कम टेबल लागतं. बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र समजावण्यासाठी ही सगळी वरात कशाला? तीनशे ग्रॅमचा साधा डायनॅमिक माइक आणि मध्यम आर्म, एवढ्यावर तोंड जवळ ठेवून बोललं की भागतं. लोक फोटोसाठी माइक घेतात, असं माझं मत होत चाललंय.

हा स्प्रिंगचा हात मुळात माइकसाठी जन्मलाच नव्हता. इंग्लंडातल्या बाथ गावात जॉर्ज कार्वर्डाइन नावाचा मोटारींच्या सस्पेन्शनचा इंजिनिअर होता. स्प्रिंगच्या जोरावर एखादं वजन कुठल्याही कोनात जसंच्या तसं तरंगत ठेवता येईल का, हे त्याला सोडवायचं होतं. १९३२ मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट टेरी या स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीनं त्यातून अँगलपॉइज हा टेबलदिवा काढला. पहिल्या दिव्याला चार स्प्रिंगा होत्या, १९३५ पासून तीन. नॉर्वेच्या याक याकोबसेननं त्यावरून १९३७ मध्ये लक्सो एल-१ हा दिवा आणला, जो पुढे जगभरच्या ड्रॉइंग टेबलांवर बसला. दिव्याची टोपी काढून तिथे माइक लावायचं रेडिओवाल्यांना सुचलं, आणि आपण आज ऑनलाइन मागवतो तो आर्म त्याच कुळातला. १९३७ याच वर्षी नाशिकच्या दादासाहेब फाळक्यांचा ‘गंगावतरण’ आला, त्यांचा एकुलता एक बोलपट. मूकपटांत हयात घालवलेल्या या माणसाला शेवटी माइक कुठे लपवायचा या विवंचनेशी गाठ पडली असणार.

दिव्याला आणि माइकला लागणाऱ्या गोष्टींत एक मोठा फरक आहे, आणि स्वस्त आर्म तिथेच मार खातात. दिव्याची स्प्रिंग वाजली तर प्रकाशाला फरक पडत नाही. माइकला पडतो. उघड्या स्प्रिंगचा आर्म घ्या, माइक चालू ठेवा, हेडफोन लावा आणि स्प्रिंगला नखानं टिचकी मारा: टँऽऽग असा तारेचा आवाज बराच वेळ घुमत राहतो. टिचकी आपण मारत नाही हे खरं, पण टेबलावर पेला ठेवला, कीबोर्डचं बटण दाबलं, मांडी हलवली, की तेच घडतं, फक्त हळू. ‘एनबी-३५’ या नावानं विकला जाणारा कात्री आर्म, जो ‘बीएम-८००’ माइकच्या जोडीनं अर्ध्या भारतात पोचलाय, त्याचं हे ठरलेलं दुखणं. यावर इलाज सोपा आहे. पॅकिंगमधल्या फोमची पट्टी स्प्रिंगच्या पोटात सारायची, किंवा केसांना लावायचे दोन रबर स्प्रिंगवर चढवायचे. नाद मरतो, ताण तसाच राहतो. महाग आर्ममध्ये स्प्रिंगा नळीच्या आत असतात, तिथे हा आवाज बराच कमी येतो. अगदी येतच नाही असं मात्र नाही.

टेबलातून चढणारा कंप हा दुसरा प्रकार. कीबोर्ड, लॅपटॉपचा पंखा, खालून जाणारी एसटी, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची. हे सगळं हवेतून येतं त्यापेक्षा जास्त लाकडातून, क्लॅम्पमधून, नळीतून येतं. शॉक माउंट त्यातलं बरंच अडवतं, म्हणून माइकच्या बजेटमधून पाचशे रुपये काढून त्यावर घालावेत. क्लॅम्पच्या जबड्यात रबराचा तुकडा घातला तर थोडा फरक पडतो, पण फार जाड रबर घातला की आर्म डुलायला लागतो. सगळ्यात गुणकारी उपाय फुकट आहे: आर्म एका टेबलाला लावा आणि लॅपटॉप दुसऱ्या टेबलावर ठेवा. त्या ऑडिओबुक वाचणाऱ्या ताईंनी आर्म पुस्तकांच्या जड कपाटाला लावलाय. टेबल कितीही हललं तरी माइकला त्याचा पत्ता नाही. मला हे फार आवडलं, आणि मी भेटेल त्याला सांगत सुटलोय.

वायर हा दुर्लक्षित भाग. एक्सएलआरची जाड वायर आर्मला ताणून बांधली तर कोपर वाकताना तीच वायर आर्मला ओढते, आणि माइक जिथे ठेवू तिथून बोटभर सरकतो. प्रत्येक सांध्यापाशी वायरीला मूठभर सैल वळसा द्यावा. आणि बांधायला प्लॅस्टिकचे टाय वापरू नयेत, ते वायरीवर घासून चरचर करतात. वेल्क्रोची पट्टी बरी.

हात नकोच, असेही काही जण आहेत. पंचवटीतले एक प्रवचनकार गादीवर मांडी घालून बसतात, समोर चौरंग, चौरंगावर पोथी. त्यांच्या चिरंजीवांनी हौसेनं चौरंगाला आर्म लावला. चौरंग हलका, महाराज बोलता बोलता पुढे झुकले, कोपर लागलं आणि चौरंगासकट माइक पोथीवर आला. जमिनीवर बसून गाणाऱ्या-बोलणाऱ्यांना जड गोल बैठकीचा बुटका स्टँड आणि त्याला आडवी दांडी, हेच बरं. तो मंडपवाल्याकडे भाड्यानंही मिळतो. पेटी-तबला घेऊन रियाज रेकॉर्ड करणाऱ्यांनाही तेच. टेबलाचा आर्म हा खुर्चीत बसून बोलणाऱ्या एकट्या माणसासाठी आहे.

दुकानात गेलात तर एवढं करा. आपला माइक पिशवीत न्या आणि टेबलाच्या कडेची जाडी नि खालची मोकळी जागा मोजून न्या. माइक लावून आर्म पूर्ण ताणा आणि दुकानदाराशी दहा मिनिटं गप्पा मारा. तेवढ्यात माइक खाली आला तर घेऊ नका. क्लॅम्पमध्ये आर्मची खुंटी घालून ती हलवून बघा. स्वस्त आर्ममध्ये खुंटी आणि भोक यांत इतकी ढिलाई असते की पलीकडच्या टोकाला माइक बोटभर झुलतो, आणि कितीही आवळलं तरी ती जात नाही. सांधे प्लॅस्टिकचे की धातूचे, तेही बघा. हजाराच्या आत जे मिळतं ते हलक्या माइकसाठी चालवून घेता येतं. दहा हजारांच्या घरात जे मिळतं ते बहुतेकांना लागत नाही. मधल्या दोन ते चार हजारांत, चौकोनी नळीचे, आत स्प्रिंग असलेले आर्म मिळतात, आणि नाशिकमध्ये मी भेटलेल्यांपैकी समाधानी दिसले ते बहुतेक याच मधल्या पायरीवरचे होते.

आणि आटे बघा. माइकचं टोक आणि आर्मचं टोक एकमेकांत बसेल असं धरून चालू नका. जगात माइकच्या स्टँडांना मुख्यतः दोन मापांचे आटे असतात, तीन सुती आणि पाच सुती, म्हणजे तीन अष्टमांश आणि पाच अष्टमांश इंच. कॅमेऱ्याच्या सामानाला दोन सुती असतात. एकातून दुसऱ्यात जायला पितळेचं छोटं अडॅप्टर लागतं. ते खोक्यात असतं, पहिल्याच दिवशी पलंगाखाली जातं, आणि मग माणूस अर्धवट आट्यांवर माइक बसवून वर सेलोटेप लावतो.

अंबडला औद्योगिक वसाहतीत छोटी-छोटी वर्कशॉपं आहेत, मोठ्या कारखान्यांचे जॉब करणारी. असं अडॅप्टर तिथे करून मिळेल का, हे बघायला एका वर्कशॉपमध्ये गेलो. जोडीला इंदिरानगरच्या मुलाच्या आर्मचा तुटलेला प्लॅस्टिक नॉब होता. मालक स्वतः लेथवर होते. त्यांनी माइकचं टोक हातात घेतलं, चष्मा वर केला आणि पिच गेजची पाती एकेक करून आट्यांवर बसवून बघू लागले. एक बसेना, दुसरं बसेना. शेवटी एक पातं चपखल बसलं, त्यावरचा आकडा वाचून ते थांबले.

“सत्तावीस? पाच सुतात अकरा असतात, अठरा असतात, चोवीससुद्धा केलेत. सत्तावीस कुणी काढले?”

अमेरिकेतल्या माइकवाल्यांनी, म्हटलं.

“त्यांना दुसरं काम नव्हतं का?” त्यांनी खणातून सोळा एमएम, एक पिचचा बोल्ट काढला आणि माइकच्या टोकात घालून दाखवला. एक-दीड आटा गेला आणि गच्च झाला. “हे बघा. बसल्यासारखं वाटतंय, पण बसलेलं नाही. कुणी जोर लावून फिरवलं तर दोघांचेही आटे गेले. सत्तावीसचा टॅप इथं पटकन मिळायचा नाही. लेथवर कापावं लागेल, त्याला गिअर बदलायला लागतील. एका नगासाठी कोण बदलेल?”

पन्नास नग असतील तर? तर बदलू, म्हणाले. मग त्यांनी नॉब हातात घेतला. आतला बोल्ट साधा सहा एमएमचा होता. प्लॅस्टिकची मूठ तेवढी फुटली होती. अॅल्युमिनियमचा तुकडा चकमध्ये धरला, भोक पाडलं, आटे मारले, बाहेरून बोटांना पकड यावी म्हणून नर्लिंग केलं, आणि गरम नॉब कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला. मूळच्या नॉबपेक्षा दुप्पट मजबूत. बाजारातले हे आर्म मोडतात ते नव्वद टक्के इथेच, मुठीपाशी, असं ते बघूनच म्हणाले, आणि घेताना बोल्ट सहा किंवा आठ एमएमचा आहे एवढं बघितलं तर नाशिकमध्ये कुणीही तो दुरुस्त करून देईल. पावसाळ्यात स्प्रिंग गंजू नये म्हणून तेल घालू का, विचारलं. घालू नका, तेलावर धूळ बसते आणि सांधा घसरतो. कोरड्या फडक्यानं पुसा, म्हणाले.

नॉबचे त्यांनी ऐंशी रुपये घेतले. अडॅप्टरसाठी मात्र एमजी रोडच्या एका दुकानाचा पत्ता लिहून दिला आणि वर सांगितलं, “तिथे घासाघीस करा सर, पन्नासच्या वर देऊ नका.”